मानधनातलं धन

दरवर्षी १३ डिसेंबर, म्हणजे स्मिता पाटीलचा स्मृतिदिन, जवळ आला की तिच्यावरचे लेख येऊ लागतात. त्यांतली निम्मी वाक्यं मला आता पाठ झाली आहेत. डोळे बोलके होते, वर्ण सावळा होता, जीन्सवरच साडी गुंडाळून दूरदर्शनवर बातम्या वाचायची, आणि समांतर सिनेमासाठी तिनं पैशाकडे पाठ फिरवली. या शेवटच्या वाक्यापाशी लेखकाचा गळा दाटून येतो. मला नेमकी तिथेच ठेच लागते. पाठ फिरवली ती कुणाच्या पैशाकडे? आणि पाठ फिरवून उभी होती तेवढे दिवस घर कशावर चाललं?

प्रश्न हिशेबी आहेत हे कबूल. पण शेतकऱ्याच्या कापसाचा भाव विचारताना आपण लाजत नाही, गिरणी कामगाराची थकलेली देणी आपण मोर्चात ओरडून मागितली. कलावंताचा हिशेब काढला की मात्र आपल्याला अवघडल्यासारखं होतं. मराठीनं त्याची सोय आधीच करून ठेवलेली आहे. अभिनेत्रीला पगार नसतो, मजुरी नसते. तिला ‘मानधन’ असतं. छोट्या सिनेमात या सामासिक शब्दाचा विग्रह फार लवकर होतो. मान ताबडतोब मिळतो, धनाचं नंतर बघू.

स्वतंत्र सिनेमातल्या कुठल्याही अभिनेत्रीची कारकीर्द घ्या, तिच्या मागे कुणाचा तरी पैसा उभा असतो. कधी वडिलांचा, कधी मालिकेचा, कधी धंदेवाईक सिनेमाचा, कधी सरकारचा. त्या पैशाचं नाव न घेता आपण त्यागाचं नाव घेतो, आणि हे कौतुकच तिला महागात पडतं. कारण एकदा फुकट काम करणं हा सद्गुण ठरला की पैसे मागणं हा दुर्गुण ठरतो.

स्मिताचंच उदाहरण नीट बघू. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या अरुण खोपकरांच्या ‘तीव्र माध्यम’ या पदविका चित्रपटात ती दिसली, मग श्याम बेनेगलांनी तिला घेतलं. ‘चरणदास चोर’ बालचित्र समितीचा, म्हणजे सरकारी पैशाचा. ‘निशांत’ आणि ‘भूमिका’ यांच्या मागे ब्लेझ ही थिएटरांत जाहिरातपट पुरवणारी कंपनी होती. म्हणजे साबण आणि टूथपेस्टच्या जाहिरातींनी कमावलेला पैसा हंसा वाडकरांच्या आयुष्यावरच्या सिनेमात गेला. ‘मंथन’ची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाखांत चित्रपट उभा राहिला. ‘जैत रे जैत’ची निर्मिती उषा मंगेशकरांची. ‘मिर्च मसाला’ला राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा पैसा होता. समांतर सिनेमा हवेवर चालत नव्हता. त्याला गल्ल्याखेरीज इतर खिसे सापडले होते, आणि ते खिसे होते तोवर तो चालला.

आता दुसरी बाजू. स्मिताचे वडील शिवाजीराव गिरधर पाटील हे राजकारणातले वजनदार नाव, राज्यात मंत्री राहिलेले. आई विद्याताई समाजकार्यात. घरात साधेपणा होता, राष्ट्र सेवा दलाचे संस्कार होते, हे सगळं खरं. पण डोक्यावर छप्पर होतं हेही खरं, आणि ते सांगितल्यानं तिची उंची बोटभरही कमी होत नाही. सुरुवातीची पाच-एक वर्षं तिनं धंदेवाईक सिनेमाची आमंत्रणं नाकारली. ती नाकारण्याची ऐपत किती जणींना असते, एवढाच माझा मुद्दा आहे.

आणि त्या पाच वर्षांनंतर काय झालं, हे तिनंच एका मुलाखतीत सांगून ठेवलं आहे. १९७७-७८च्या सुमाराला छोट्या सिनेमाचं जरा बस्तान बसलं आणि त्यांना ‘नाव’ असलेल्या नट्या हव्याशा वाटू लागल्या. एक-दोन चित्रपटांतून तिला गुपचूप वगळलं गेलं. ते तिच्या जिव्हारी लागलं. ज्यांच्यासाठी आपण मोठाली कामं सोडली त्यांनाच जर नाव हवं असेल, तर मग नावच मिळवते, असं म्हणून ती समोर येईल ते घेत सुटली.

‘नमक हलाल’मध्ये ‘स्मिता पावसात नाचली’ म्हणून अजूनही हळहळणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. तिला त्या पावसात ढकलणारे हात मसाला सिनेमावाल्यांचे नव्हते. पैसा आपल्याकडे येऊ लागल्याबरोबर चळवळीनं बाजाराचाच तराजू उचलला आणि आपल्याच माणसाला त्यात तोललं. १९८२ हे एकच साल काढून बघा: ‘नमक हलाल’ आणि ‘शक्ती’ त्या वर्षीचे, ‘अर्थ’ आणि ‘बाजार’ही त्याच वर्षीचे, आणि आपला ‘उंबरठा’सुद्धा. समीक्षक याला द्विधा मन म्हणतात. मला त्यात घरखर्चाची वही दिसते. एका पानावर जमा, समोरच्या पानावर खर्च.

हे दुखणं स्मितापासून सुरू झालेलं नाही. त्यासाठी चाळीसएक वर्षं मागे जावं लागतं, पण जागा बदलावी लागत नाही. ज्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे पूर्वी प्रभात स्टुडिओ होता. १९३९ साली त्याच्या फाटकाशी शांता आपटे उपोषणाला बसल्या. ‘कुंकू’नं घराघरांत पोचलेली नटी, कंपनीची सगळ्यांत मोठी मिळकत असलेल्या चेहऱ्यांपैकी एक, आणि पगार-कराराच्या भांडणात दाद मागायला तिला फाटकाबाहेर बसावं लागलं. वर्तमानपत्रांना चघळायला छान विषय मिळाला. पण बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ नावाचं पुस्तक लिहिलं, आणि त्यात नटनट्यांकडे श्रम विकणारी माणसं म्हणून पाहिलं. भांडवल कुणाचं, झीज कुणाची, फायदा कुणाचा, असे रोकडे प्रश्न विचारले. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मचरित्रावर आपण सिनेमा केला, कारण त्यात आयुष्याची वाताहत आहे. शांताबाईंच्या पुस्तकात हिशेब आहे, म्हणून त्याची आठवण निघत नाही. बायकांचं दुःख आपण आवडीनं वाचतो, त्यांचं बिल वाचत नाही.

प्रभातच्या काळात निदान मासिक पगार होता. कमी असेल, अडवला जात असेल, पण पगार नावाची गोष्ट होती. स्टुडिओ गेले, तो गेला. आज मुंबई-पुण्यात छोट्या चित्रपटांत काम करणारी अभिनेत्री कशावर जगते? व्यावसायिक नाटक असेल तर ‘नाईट’ मिळते. प्रयोग संपला की पाकीट हातात पडतं, त्यामुळे सगळ्यांत भरवशाचं तेच. मालिका असेल तर महिन्याचे वीस-पंचवीस दिवस आणि रोजचे बारा-तेरा तास जातात, पैसे तीन महिन्यांनी येतात, आणि तारखा अडकल्यामुळे चित्रपट हातचा जातो. बाकी जाहिराती, डबिंग, कार्यशाळा, शाळांमधली नाट्यशिबिरं. मग कधीतरी फोन येतो. ‘बजेट टाइट आहे गं, पण पिक्चर फेस्टिव्हलला जाणार. तुझाच पिक्चर आहे असं समज.’ हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून, इतक्या वर्षांच्या अंतरानं, शब्दही न बदलता ऐकलं आहे की आता ते म्हणीत जमा करायला हरकत नाही. फेस्टिव्हलला पिक्चर जातो, दिग्दर्शक जातो; जिचाच पिक्चर असतो तिच्या विमानाच्या तिकिटाचं मात्र जमत नाही.

उषा जाधव कोल्हापूरची. ‘धग’मधल्या यशोदेसाठी तिला साठाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. त्याआधी ती लोकांना ठाऊक होती ती ‘कौन बनेगा करोडपती’च्या जाहिरातीतली मुलगी म्हणून. तेव्हा त्या पुरस्काराची रक्कम होती पन्नास हजार रुपये. अलीकडे ती दोन लाख झाली आहे. पुढे २०१९मध्ये ‘माई घाट’साठी गोव्यात, इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, तिला पुन्हा सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरवण्यात आलं. दोन्ही चित्रपट किती मराठी माणसांनी थिएटरात बसून पाहिले? ‘धग’ तर पुरस्कार आधी आणि प्रदर्शन नंतर अशा उलट्या क्रमानं आला. देशातली सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरणं आणि पुढच्या सहा महिन्यांचं भाडं हातात असणं, या दोन गोष्टींचा आपल्याकडे काही संबंध नाही, हे यातून कळतं.

छाया कदमची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तिच्यात सगळंच आहे. नाट्यकार्यशाळा, रंगभूमी, किरकोळ कामं, मग ‘फँड्री’तली आई. ‘सैराट’मध्ये हैदराबादच्या वस्तीत पळून आलेल्या पोरांना आसरा देणारी, डोशाची गाडी चालवणारी आक्का. ‘लापता लेडीज’मधली फलाटावर चहाचा स्टॉल चालवणारी मंजू माई. आणि ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’मधली पार्वती, जी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करते. सहज मनात आलं म्हणून सांगतो, ही बाई पडद्यावर सतत दुसऱ्यांना खाऊ घालते आहे. गोड योगायोग म्हणून सोडूनही देता येईल. पण सावळी, मध्यमवयीन, जिचं मराठी पुस्तकी नाही अशा अभिनेत्रीच्या हाती स्वतंत्र सिनेमाही झारा आणि किटलीच देतो, हेही नोंदवून ठेवायला हवं. ती त्या किटलीतून जे काढते ते तिचं स्वतःचं.

पायल कपाडियाच्या त्या चित्रपटाला २०२४मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं. मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट तीस वर्षांनी पोचला होता. छाया कदम तिथे आईची साडी आणि नथ घालून गेली, आणि आपल्याकडे त्या नथीच्या बातम्या झाल्या. माझ्या डोक्यात मात्र चित्रपटातली पार्वती घर करून बसली आहे. विधवा, मुंबईत आयुष्य गेलेलं, बिल्डर चाळ पाडायला निघालाय आणि ती तिथे राहत होती हे सांगणारा एकही कागद तिच्याकडे नाही. राबली खरं, पण पुरावा नाही, म्हणून हक्क नाही. शेवटी ती कोकणातल्या गावी परतते. मला वाटतं, स्वतंत्र सिनेमात काम करणाऱ्या बायांची अवस्था याहून चांगली सांगता येणार नाही. वीस वर्षं काम केलेलं असतं आणि हातात कागद नसतो.

कागद नसणं ही अतिशयोक्ती नाही. मल्याळम सिनेमात काम करणाऱ्या बायकांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या केरळमधल्या न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल ऑगस्ट २०२४मध्ये बाहेर आला. लैंगिक छळाची प्रकरणं त्यात होतीच आणि गाजलीही तीच. पण त्याच अहवालात सेटवर बायकांसाठी स्वच्छतागृह नसणं, कपडे बदलायला जागा नसणं आणि लेखी करार नसणं यांचीही नोंद आहे. या गोष्टी एकमेकींपासून सुट्या नाहीत. जिच्याकडे कागद नाही ती ‘नाही’ म्हणण्याआधी दहादा विचार करते. पायलच्याच चित्रपटातली कनी कुसृती मल्याळमची. ‘बिरियानी’ या चित्रपटासाठी तिला केरळ राज्याचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्री पुरस्कार मिळाला, आणि नंतर तिनं मोकळेपणानं सांगितलं की त्या चित्रपटाच्या विचाराशी आपले मतभेद होते, ते दिग्दर्शकाला बोलूनही दाखवले होते, पण तेव्हा पैशांची गरज होती. बरेच जण नाराज झाले. मला तिचं हे वाक्य सगळ्या पुरस्कार-भाषणांपेक्षा मोलाचं वाटतं. ‘स्वतंत्र’ चित्रपटात नेमकं स्वतंत्र कोण, हे ती एका दमात सांगून गेली.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. छोट्या चित्रपटाकडे पैसेच नसतात. दिग्दर्शकानं स्वतःचा फ्लॅट गहाण ठेवलेला असतो, कॅमेरामन मैत्रीखातर आलेला असतो, कुणीच घेत नाही तर तिनंच का घ्यावं? तिचं मानधन सक्तीचं केलं तर चित्रपटच होणार नाही, आणि मग तिला ती भूमिका तरी कुठून मिळेल?

पण सगळ्यांचं ‘फुकट’ एकसारखं नसतं. दिग्दर्शकानं फुकट काम केलं तरी चित्रपट त्याच्या नावावर राहतो. हक्क त्याचे किंवा निर्मात्याचे, बक्षिसाची रक्कम त्यांची, उद्या ओटीटीला विकला गेला तर ते पैसे त्यांचे, आणि पुढच्या चित्रपटासाठी परदेशी निधीकडे अर्ज करताना हा चित्रपट त्याचं भांडवल. अभिनेत्रीकडे उरतो अनुभव आणि काही फोटो. शिवाय तिचं भांडवल नाशवंत आहे. पस्तिशी ओलांडली की नायिकेची आई, पंचेचाळिशीत नायकाची आई. बुद्धीला पटो न पटो, बाजार असाच चालतो. दिग्दर्शकाचं वय त्याच्या अनुभवात धरतात, तिचं वय तिच्या किमतीतून वजा करतात. म्हणून आज पैसे नसतील तर नसू देत. पण नसलेले पैसेही लिहून ठेवता येतात. किती ठरले, किती दिले, किती बाकी, आणि चित्रपटाला कुठूनही पैसा आला तर त्यातला कितवा हिस्सा तिचा. उधारीची वही वाण्याकडेही असते.

आणि एक छुपी गोष्ट. फुकटाची अट ही गाळणी आहे. जिच्या घरी खायला आहे तीच दोन वर्षं फेस्टिव्हलच्या आशेवर काढू शकते. म्हणजे दलित, शेतमजूर, कामगार बायकांच्या गोष्टी सांगणाऱ्या सिनेमात त्या घरांतून आलेल्या मुलींनाच टिकणं अवघड. गोष्ट त्यांची, चेहराही एखाद्या वेळी त्यांचा, पण कारकीर्द होते ती दुसऱ्या कुणाची. दहावी-बारावीत एका चित्रपटात चमकून पुढे कधीच न दिसलेल्या मुली तुम्हालाही आठवत असतील.

‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’चा मोठा भार युरोपातल्या, विशेषतः फ्रान्सच्या पैशानं उचलला. फ्रान्समध्ये नट-तंत्रज्ञांसाठी एक व्यवस्था आहे. बारा महिन्यांत ५०७ तासांचं काम नोंदवलं की दोन कामांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत त्यांना बेकारी भत्ता मिळतो. तिकडे त्यावरूनही भांडणं होतात, संप होतात, खर्च परवडत नाही अशी ओरड होते. पण मूळ कल्पना बघा: दोन भूमिकांमधला रिकामा काळ हाही व्यवसायाचाच भाग आहे, असं तिथल्या कायद्यानं मानलं आहे. आपल्याला हे पटायला जड का जावं? रोजगार हमीचा कायदा देशात सगळ्यांत आधी आपण केला. दुष्काळात रिकामा हात ही सरकारची जबाबदारी आहे हे महाराष्ट्रानं सत्तरच्या दशकातच मान्य केलं होतं, म्हणजे स्मिता ‘मंथन’ आणि ‘भूमिका’ करत होती तेव्हाच.

उद्या सकाळी फ्रान्ससारखा भत्ता सुरू करा, असं मी म्हणत नाही. आपलं सरकार कलावंताची आठवण काढतं ती तो थकल्यावर. ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांना दरमहा मानधन देणारी योजना आहे आणि ती हवीच. पण ऐन उमेदीत जिला कुणी विचारलं नाही तिला म्हातारपणी पाच हजार रुपये देणं म्हणजे रोप वाळल्यावर पाटाला पाणी सोडणं. त्याहून खूप सोपी गोष्ट हातात आहे. मराठी चित्रपटांना राज्य सरकार कित्येक वर्षं अनुदान देतं. त्यावर वाद होतात ते गुणांकनाचे, रखडलेल्या रकमांचे, कुणाला ‘अ’ दर्जा मिळाला आणि कुणाला ‘ब’ त्याचे. २०१५मध्ये मल्टिप्लेक्समधल्या प्राइम टाइमवरून केवढं रण पेटलं. त्या सगळ्या गदारोळात पडद्यावरच्या बाईला ठरलेले पैसे मिळाले का, असा प्रश्न मी एकदाही ऐकलेला नाही. सार्वजनिक पैसा घेणाऱ्या रस्त्याच्या कंत्राटदाराला मजुरांची हजेरी आणि मजुरीची नोंद ठेवावी लागते. सार्वजनिक पैसा घेणाऱ्या चित्रपटाला ती का नसावी?

मला हवी ती अट कागदाच्या एका बाजूवर मावेल. अनुदानाच्या अर्जासोबत प्रत्येक कलाकाराचा मराठीत लिहिलेला, सही केलेला करार. त्यात रक्कम, तारीख आणि बाकी. अनुदान मंजूर झालं की त्यातून आधी ही बाकी चुकती करायची, मग निर्मात्याचं कर्ज. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडून मदत घेणाऱ्यांना, इफ्फीच्या वेळी गोव्यात बाजार मांडून सहनिर्माते शोधणाऱ्यांनाही हेच. यात नवा निधी लागत नाही, नवं खातं लागत नाही. निर्माते कुरकुर करतील. दुधाच्या फॅटचं यंत्र पहिल्यांदा गावात आलं तेव्हा व्यापाऱ्यांनीही केली असेल. ‘मंथन’मध्ये सगळा झगडा तरी कशाचा आहे? जिनं दूध काढलं तिच्यासमोर ते मोजा आणि मोजलेल्या दुधाचे पैसे द्या, एवढाच.

२०२४मध्ये ‘मंथन’ची नव्यानं दुरुस्त केलेली प्रत कानमध्ये दाखवली गेली आणि मग देशभरच्या थिएटरांत आली. मीही गेलो होतो. बिंदू, म्हणजे स्मिता, पडद्यावर आली, कमरेवर हात ठेवून शहरातून आलेल्या डॉक्टरकडे संशयानं बघत उभी राहिली, तेव्हा शेजारच्या खुर्चीवरची कॉलेजातली मुलगी मैत्रिणीला म्हणाली, ‘ही काय भारी बघते यार.’ मध्यंतरात ओळख झाली. नाटकं करते, एका छोट्या चित्रपटाचं शूटिंग नुकतंच संपलंय, मुख्य भूमिका. मी विचारलं, पैसे मिळाले? ती हसली. म्हणाली, ‘सर, कन्व्हेयन्स मिळाला.’